‘साबण कुठं आहे, सर?’ : प्राथमिक शाळेत आरोग्य आणि सहजीवन शिकवताना

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, केंद्रप्रमुख आमच्या शाळेला भेट द्यायला आले आणि तिसरी ते पाचवीच्या एकत्र बसवलेल्या वर्गाला त्यांनी विचारले, “जेवणापूर्वी काय करावे?” 27 मुलांनी एका सुरात उत्तर दिले, “हात साबणाने स्वच्छ धुवावेत!” साहेबांनी शेरेबुकात समाधानाचा शेरा लिहिला आणि आपण काहीतरी शिकवले आहे, असे मलाही वाटले. तासाभराने मधली सुट्टी झाली, मावशींनी खिचडीचे पातेले उघडले आणि तीच 27 मुले मातीने भरलेल्या हातांत ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. आत्ताच काय सांगितले होते, असे मी जरा चिडून विचारले, तेव्हा तिसरीतला एक मुलगा कसलाही खोडकरपणा न करता म्हणाला, “पण साबण कुठं आहे, सर?”

शाळेत साबण नव्हता. तो आणणे हे माझे काम होते आणि ते माझ्या डोक्यातही आले नव्हते.

जे नुकतेच शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले आहेत किंवा डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका पूर्ण करून नेमणुकीची वाट पाहत आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. वैयक्तिक, सामाजिक आणि आरोग्य शिक्षण या नावाचा तास आपल्या वेळापत्रकात सापडत नाही. परिसर अभ्यासातील अन्न, पाणी, शरीर, कुटुंब आणि सार्वजनिक व्यवस्था यांवरचे पाठ, शारीरिक शिक्षण, सकाळचा परिपाठ आणि 2010 पासून सुरू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंदी अशा अनेक ठिकाणी तो विखुरलेला आहे, त्यामुळे नव्या शिक्षकाला तो वेगळा विषय आहे हेच कळायला एखादे वर्ष जाते. मला मात्र याहून मोठी अडचण वेगळीच वाटते. गणितात मुलाचे उत्तर चुकले की त्याचे कुठे अडले आहे ते दिसते. या विषयात उत्तर बहुतेक वेळा बरोबरच येते आणि त्या बरोबर उत्तराखाली सगळे झाकले जाते. सरांना कोणते वाक्य हवे आहे, हे मुले पहिलीच्या दिवाळीपर्यंत ओळखतात. खोटे बोलू नये, सर्वांशी मिळून मिसळून वागावे, उघड्यावरचे पदार्थ खाऊ नयेत ही वाक्ये त्यांच्याकडे तयार असतात, आणि ती ऐकून समाधान मानले की आपले शिकवणे तिथेच थांबते.

साबणाचे पुढे काय झाले, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण या विषयाची पूर्वतयारी कशी असते ते त्यातून कळेल. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळते, त्यातील किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते, हे मुख्याध्यापकांनी मला दाखवून दिले. पहिल्या आठवड्यात आणलेल्या वड्या दोन दिवसांत नाहीशा झाल्या. एक चिखलात सापडली, एक कावळ्याने नेली असे मुलांचे म्हणणे होते. मग वडी कांद्याच्या पिशवीच्या जाळीत घालून नळाला बांधली. पण नळ एकच होता आणि सर्वांचे हात धुऊन होईपर्यंत निम्मी सुट्टी संपत होती, त्यामुळे मोठी मुले रांग सोडून थेट खिचडीकडे वळत. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकाने, जे प्लंबिंगची कामे करतात, टाकीला पीव्हीसीचा आडवा पाइप जोडून त्याला सहा तोट्या बसवून दिल्या. ज्या दिवशी तोट्या बसल्या, त्या दिवसापासून हात धुण्यावर मला पाठ घ्यावा लागला नाही. जागा, वस्तू आणि वेळ या तिन्ही गोष्टी हाताशी असतील, तरच आरोग्याच्या सवयीचा पाठ घेण्यात अर्थ आहे, हे मला तेव्हा समजले आणि आजही पाठाचे टाचण काढण्यापूर्वी मी आधी या तीन गोष्टी तपासतो.

आता माझी एक चूक सांगतो. परिपाठाच्या वेळी नखे आणि केस तपासण्याची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. मीही ती उत्साहाने चालवत असे आणि ज्याची नखे वाढलेली असतील त्याला रांगेतून पुढे बोलावत असे. एका सोमवारी चौथीतल्या एका मुलीच्या केसांत उवा दिसल्या म्हणून मी तिला सर्वांसमोर सांगितले की उद्या केस नीट करून ये. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि नंतरचे आठ दिवसही आली नाही. घरी गेलो तेव्हा कळले की तिची आई ऊसतोडीला गेलेली होती आणि ती आजीजवळ राहत होती. आजीला डोळ्यांनी कमी दिसत असल्यामुळे उवा काढायला घरात कोणीच नव्हते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक त्रास देण्यासही मनाई आहे, हे मी परीक्षेसाठी पाठ केलेले होते. मी जे केले ते त्या कलमात बसते, हे मात्र त्या ओसरीवर बसलेला असताना ध्यानात आले. त्यानंतर अशी तपासणी मी बंद केली. नेलकटर आणि दोन फण्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, शनिवारी शेवटचा अर्धा तास त्यासाठी मोकळा ठेवला आणि कोणाला काही सांगायचे असेल तर ते एकट्याला गाठून सांगू लागलो. ज्या वस्तीतून हंगामात आईवडील कारखान्यावर जातात, तिथे स्वच्छतेचा प्रश्न अनेकदा घरात मोठे माणूस आहे की नाही, याचा असतो.

सामाजिक भागासाठी पाठ्यपुस्तकापेक्षा मधली सुट्टी अधिक उपयोगी पडते. मुले जेवायला कोण कोणाशेजारी बसतात, पाणी कोण वाढते, झाडू कोणाच्या हातात असतो, हे आठवडाभर केवळ पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. मी लिहिले तेव्हा दिसले की वर्ग झाडणाऱ्या सर्व मुली होत्या, घंटा वाजवणारे सर्व मुलगे होते आणि एका विशिष्ट वस्तीवरची चार मुले रोज भिंतीच्या कडेला वेगळी बसत होती. “आपण सारे समान आहोत” हे वाक्य त्यांपैकी प्रत्येकाला येत होते. यावर भाषण देण्याचा मोह मी टाळला. हजेरीपटाच्या क्रमाने कामांच्या चिठ्ठ्या लावल्या, तक्त्यावर नावे फिरती ठेवली आणि जेवणाची बैठक दर सोमवारी चिठ्ठीने बदलू लागलो. पहिल्या पंधरवड्यात दोन घरांतून कुरकुर आली, ती समितीच्या बैठकीत शांतपणे ऐकून घेतली. चिठ्ठी मात्र चालूच राहिली. इथे शिक्षकाने आपली बाजू लपवू नये, असे माझे मत आहे.

मुलांचे खरे प्रश्न बाहेर यावेत, यासाठी मला सर्वांत अधिक उपयोग झाला तो बुटांच्या रिकाम्या खोक्याचा. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी त्यात टाकायची. ज्याला विचारायचे नसेल त्याने “प्रश्न नाही” असे लिहून टाकायची, म्हणजे कोणी लिहिले आणि कोणी नाही हे शेजाऱ्याला कळत नाही. मी त्या घरी नेऊन वाचतो आणि सोमवारी निवडक प्रश्नांना उत्तरे देतो; चिठ्ठ्या वर्गात तिथल्या तिथे उघडू नयेत, कारण अक्षरावरून मुले एकमेकांना लगेच ओळखतात. एकदा तंबाखूच्या दुष्परिणामांवर मी तोंडाच्या कर्करोगाची चित्रे दाखवली होती. त्या शुक्रवारी एका चिठ्ठीत होते, “आजी मिसरी लावते. ती मरनार का?” माझ्या पाठाने एवढेच साधले होते की एक मूल चार रात्री घाबरून झोपले. आणखी एक गोष्ट त्यातून उघड झाली. वर्गात विचारल्यावर निम्म्याहून अधिक मुलांना मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू असते, हे माहीत नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती दात घासायची पूड होती आणि चौघांनी ती स्वतःही लावून पाहिलेली होती. “तंबाखू खाऊ नये” हे उत्तर आणि घरातली पत्र्याची डबी यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे कोणी त्यांना सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी भीतीची चित्रे वापरत नाही. आधी घरातल्या वस्तूंची नावे काढून घेतो, त्यांत काय असते ते सांगतो आणि मोठ्या माणसांना सुधारण्याची जबाबदारी मुलांवर टाकत नाही. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे. ते अंतर मुलांकडून मोजून घेणे हा मात्र मोजमापाचा उत्तम उपक्रम होतो, टपरीवाल्याशी बोलण्याचे काम आपण करावे.

जंतनाशक गोळीबद्दल थोडक्यात सांगतो. ती 10 फेब्रुवारीला आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा ऑगस्टमध्ये दिली जाते. अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते आणि आजारी मुलाला त्या दिवशी ती देत नाहीत. आदल्या दिवशी पालकांना निरोप द्या, आणि मुलांसमोर पहिली गोळी स्वतः घ्या. अफवेवर याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श हा भाग नव्या शिक्षकाला सर्वांत अवघड वाटतो आणि म्हणूनच तो एखादी चित्रफीत दाखवून उरकला जातो. इथले तयार उत्तर असे आहे : “अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये.” प्रत्यक्षात मुलांवर अत्याचार करणारी व्यक्ती बहुसंख्य प्रकरणांत त्यांच्या ओळखीची असते, त्यामुळे हे उत्तर मुलाला चुकीच्या दिशेला पाहायला शिकवते. चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श या शब्दांपेक्षा सुरक्षित आणि असुरक्षित हे शब्द मी वापरतो, कारण वाईट म्हटले की आपणच काही वाईट केले असे मूल समजते. शरीराच्या अवयवांची नावे न लाजता, पुस्तकी का होईना पण स्पष्ट, सांगावीत. नाव नसलेल्या गोष्टीची तक्रार करता येत नाही. डॉक्टर तपासतात तो स्पर्श, आई अंघोळ घालते तो स्पर्श, नको म्हटल्यावरही मामा गालगुच्चा घेतो तो स्पर्श, अशी उदाहरणे मुलांसमोर ठेवून त्यांनाच विचार करू द्यावा. “कोणाला सांगाल?” या प्रश्नावर सगळी मुले “आईवडिलांना” म्हणतात; मी प्रत्येकाला हाताचा पंजा कागदावर काढून पाच बोटांवर पाच विश्वासू माणसांची नावे लिहायला लावतो. एका मुलाने दोनच बोटे भरली होती. तो कागद मी परत मागितला नाही, पण तो मुलगा माझ्या लक्षात राहिला. 1098 हा बालमदत क्रमांक भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवलेला असावा. आमच्याकडे तो आधी छपराजवळ होता.

आणि एखाद्या मुलाने खरोखरच काही सांगितले तर? मी कोणाला सांगणार नाही, असे वचन चुकूनही देऊ नये. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये, आरोप असलेल्या माणसाला शाळेत बोलावून समोरासमोर करू नये, मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून लिहावेत. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, 2012 याच्या कलम 19 प्रमाणे ही माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न दिल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत शिक्षकांत आढळते. ती चुकीची आहे. गावाची बदनामी होईल, मुलीचे पुढे कसे होईल, ही वाक्येही तयारच असतात आणि ती आपल्या जवळचीच माणसे बोलतात.

आमची शाळा द्विशिक्षकी आहे आणि आम्ही दोघेही पुरुष आहोत. पाचवीतल्या मुलीला शाळेतच पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा काय करावे हे दोघांनाही सुचले नाही. शेजारच्या अंगणवाडीतल्या ताईंनी तिला सावरले. त्यानंतर आम्ही आशाताई आणि अंगणवाडीताई यांना घेऊन आधी मातांची बैठक घेतली. “एवढ्या लवकर कशाला, सर?” असे एकीने विचारले, तेव्हा दुसरी म्हणाली की माझ्या लेकीला आपल्याला काही लागलेच आहे असे वाटून ती दिवसभर रडत होती. पुढचे काही मला सांगावे लागले नाही. मुलींशी ताई बोलतात. मुलग्यांशी वाढत्या वयातील शरीराबद्दल मी बोलतो आणि त्यात पाळीही येते, कारण स्कर्टवरच्या डागाला हसणारे मुलगेच असतात. पॅडचा पुडा अंगणवाडीच्या फडताळात असतो आणि तो घेण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

राहता राहिल्या नोंदी. सत्राच्या शेवटी वर्णनात्मक नोंदी भरताना “वैयक्तिक स्वच्छतेची जाणीव आहे”, “इतरांना मदत करते”, “गटात मिसळतो” अशा वाक्यांच्या याद्या शिक्षकांच्या गटांतून फिरत असतात, आणि पहिली दोन वर्षे मीही त्या उतरवून काढल्या. मुलांच्या तयार उत्तरांना नावे ठेवणाऱ्या माणसाची ही स्वतःची तयार उत्तरे होती. आता वर्षभर छोटी वही खिशात ठेवतो आणि जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच नोंदवतो. त्या उवांच्या प्रसंगातली मुलगी पाचवीत गेली, त्या वर्षी तिच्या नावापुढे मी लिहिले, “साबण संपण्याच्या आदल्याच दिवशी येऊन सांगते.” तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि हे कोणत्या गुणविशेषात बसते, असे मला विचारले.