तोस्कानातल्या शेतघरात आठवडाभर राहायचं तर

इटली म्हटलं की आपल्याकडे बहुतेक जण रोम दोन दिवस, फ्लोरेन्स दोन दिवस, व्हेनिस एक दिवस असंच करतात, आम्हीही पहिल्या खेपेला तेच केलं होतं. दुसऱ्यांदा आई-बाबा आणि मुलं सोबत होती म्हणून तोस्काना प्रांतातल्या व्हाल दोर्चा या भागात, पिएन्झा आणि सान क्विरिको या दोन गावांच्या मधे, एक जुनं दगडी घर सात रात्रींसाठी भाड्याने घेतलं. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतच असतं की कसं केलं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. एक गोष्ट आधीच सांगते, हे हॉटेल नाही, खाली रिसेप्शनला फोन करून काही मिळत नाही, आठवडाभर ते घर तुम्हालाच चालवायचं असतं, आणि ते कसं चालतं हे आधी समजून घेतलं तर फार सुखाचं होतं.

ही घरं मुळात आहेत काय ते बघा. तोस्कानात पूर्वी शेती अर्धेलीने व्हायची, अर्धं पीक जमीनमालकाचं आणि अर्धं कसणाऱ्याचं, त्या पद्धतीला तिकडे मेत्झाद्रिया म्हणतात. प्रत्येक कुटुंबाला जमिनीचा एक तुकडा आणि त्याच तुकड्याच्या मधोमध घर, खाली गोठा, वर राहायच्या खोल्या आणि वर जायला बाहेरून दगडी जिना. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करायला बंदी झाली, माणसं शहरात गेली, घरं ओस पडली आणि पुढे त्यातलीच कितीतरी दुरुस्त करून भाड्याने द्यायला लागले. म्हणून घर गावापासून लांब असतं, म्हणून शेजार नसतो आणि म्हणूनच जिना असतो. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर बुकिंगआधी मालकाला एकच प्रश्न विचारा, तळमजल्यावर बेडरूम आणि बाथरूम आहे का. आम्ही विचारलं, आणि जुन्या गोठ्याचीच बेडरूम केलेलं घर मिळालं. भिंती हातभर जाड, दुपारीसुद्धा गार.

जाहिरातीत दोन शब्द दिसतील. अग्रितुरिझ्मो म्हणजे खरोखर शेती करणाऱ्याने आपल्या शेतावर केलेली राहायची सोय, आणि कासा व्हाकान्झे म्हणजे नुसतं सुट्टीसाठीचं घर. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाताना अग्रितुरिझ्मोच घ्या, कारण मालक बहुतेक वेळा तिथेच किंवा जवळपास राहतो आणि काही अडलं तर माणूस असतो. १ जानेवारी २०२५ पासून अशा प्रत्येक घराला सरकारी ओळख क्रमांक असणं आणि तो जाहिरातीत दाखवणं बंधनकारक आहे, त्याला सी.आय.एन. म्हणतात, तो दिसत नसेल तर ॲडव्हान्स पाठवू नका. भाड्याशिवाय शेवटच्या साफसफाईचे पैसे, डिपॉझिट आणि माणशी दर रात्रीचा टुरिस्ट टॅक्स वेगळा असू शकतो, तो टॅक्स बरेचदा रोख मागतात, सगळं आधीच लिहून घ्या. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतोच, तेव्हा कन्फर्मेशनवर पासपोर्टप्रमाणे सगळ्यांची नावं टाकून मागा. आणि पोचल्यावर मालकाने पासपोर्ट मागितले, अगदी लहान मुलांचेसुद्धा, तर घाबरायचं कारण नाही, पाहुण्यांची माहिती २४ तासांत पोलिसांना कळवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

कधी जायचं? फोटोतल्या त्या हिरव्यागार टेकड्या एप्रिल-मे मधल्या असतात हां. गहू जूनअखेर-जुलैत कापला की सगळं पिवळं आणि मग नांगरलेलं तपकिरी, तेही सुंदरच, पण हिरवं मनात ठेवून ऑगस्टमध्ये गेलात तर मन खट्टू होईल. जुलै-ऑगस्टमध्ये भाडं चढं आणि बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवारच देतात. आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलो, द्राक्षांची तोडणी चालू होती, संध्याकाळी शाल लागायची. ऑक्टोबरात जाणार असाल तर हीटिंगचं विचारा, ते कधी चालू करायचं याच्या तारखा तिथे कायद्याने ठरलेल्या आहेत, तोस्कानात बहुतेक भागांत १५ ऑक्टोबर किंवा १ नोव्हेंबर, आणि त्याचं बिल बहुतेकदा मीटरप्रमाणे वेगळं.

गाडीशिवाय हे जमत नाही, हे स्पष्टच सांगते. आपलं लायसन्स आणि त्यासोबत आरटीओकडून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट दोन्ही लागतं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर बुक करा. गाडी उजवीकडून चालवायची सवय तासाभरात होते, खरी भीती आहे ती झेडटीएलची, म्हणजे जुन्या गावांच्या आतला, बाहेरच्या गाड्यांना बंद असलेला भाग. तिथे ना फाटक ना पोलीस, नुसता कॅमेरा, आणि दंड काही महिन्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीमार्फत घरी येतो. पाटीवर 'व्हार्को आत्तीव्हो' दिसलं की आत जायचं नाही, आत्तीव्हो म्हणजे चालू हे वाचून रस्ता चालू आहे असं वाटतं पण चालू असतो तो कॅमेरा. गाडी भिंतीबाहेरच लावायची, पांढऱ्या पट्ट्यांत फुकट, निळ्यात पैसे भरून, पिवळ्यात अजिबात नाही. घराकडे जाणारा शेवटचा तुकडा बहुतेक वेळा कच्चा पांढरा रस्ता असतो, स्त्रादा बियांका, त्यावर मॅप कुठेही नेतो, म्हणून मालकाकडून नेमकं लोकेशन मागून घ्या, मॅप आधीच डाउनलोड करा आणि पहिल्या दिवशी उजेड असतानाच पोचा. अंधार पडताना रानडुकरं रस्त्यावर येतात, आम्हाला एकदा पिल्लांसकट आख्खं कुटुंब आडवं गेलं.

पहिल्या दिवशीच वाटेत किराणा भरा. छोटी दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती चार-साडेचारला उघडतात, रविवारी बरीचशी बंद, आणि १५ ऑगस्टला तर सगळा देशच सुट्टीवर. सुपरमार्केटमध्ये भाजी हाताने उचलायची नाही, तिथे ठेवलेला पातळ प्लॅस्टिकचा ग्लोव्ह घालायचा, पिशवीत भरायची, काट्यावर ठेवून भाजीचा नंबर दाबायचा आणि निघालेलं लेबल चिकटवायचं. मला हे माहीत नव्हतं, काउंटरवरून परत पळावं लागलं आणि मागे मोठी रांग.

आता जेवणाचं, कारण आईचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच होता. दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून युरोपात सामानात नेता येत नाहीत, म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, पनीर नाही. कढीपत्त्याच्या ताज्या पानांनाही सर्टिफिकेट लागतं, तेव्हा तोही राहू दे. गोडा मसाला, हळद, हिंग, मोहरी एवढ्या छोट्या पुड्या आणि एक लहान कुकर नेला, बाकी सगळं तिथे मिळालं. 'फारिना दी चेची' म्हणजे चक्क बेसन, त्यामुळे पिठलं झालं. मसूर, छोले, पांढरे चवळीसारखे दिसणारे कान्नेल्लीनी, आणि टोमॅटो तर असे की नुसते मीठ लावून खावेत. बटर बिनमिठाचंच मिळतं, दुसऱ्या दिवशी आईने पाव किलो कढवून तूप काढलं आणि मग तिला ते घर आपलं वाटायला लागलं! तिथला पाव मात्र बिनमिठाचा असतो, तो तसाच, खराब नाही. बाहेर जेवताना शाकाहारी असाल तर रिबोल्लिता, पाप्पा आल पोमोदोरो, पान्झानेल्ला हे भाजी-पावाचेच पदार्थ आहेत, तरी मटणाचं पाणी किंवा डुकराची चरबी आहे का हे विचारून घ्या, चरबीला 'स्त्रुत्तो' म्हणतात, फोकाचा नावाच्या चपट्या पावातसुद्धा कधीकधी असते. पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, करतात, कडक पाळणाऱ्यांनी ते टाळावं.

घरात सगळ्यात जास्त गोंधळ लाईटचा होतो. साध्या घराचं कनेक्शन तिथे बहुतेक ३ किलोवॅटचं असतं, म्हणजे ओव्हन, वॉशिंग मशीन आणि हेअर ड्रायर एकदम लावले की मेन पडणारच. आमचा पहिल्याच रात्री पडला, मीटर घराबाहेर जिन्याखाली, टॉर्च शोधण्यात अर्धा तास गेला. तेव्हा किल्ली हातात घेतानाच मेन स्विच कुठे, गॅस कुठून बंद होतो, गरम पाणी किती पुरतं आणि कचरा कधी नेतात हे चार प्रश्न विचारून घ्या, शक्यतो मालक दाखवतोय त्याचा व्हिडिओच काढा. आपले मोठे तीन पिनवाले प्लग बसत नाहीत, ॲडॅप्टर न्या. संडासात कागदाशिवाय काहीही टाकू नका, गावाबाहेर सेप्टिक टँक असतो. आणि हो, पाण्याची काळजी नको, १९७५ च्या सरकारी नियमापासून इटलीत घरातल्या निदान एका बाथरूममध्ये बिदे, म्हणजे संडासानंतर पाण्याने धुवायचं बसकं भांडं, असावाच लागतो, आईबाबांना हे ऐकूनच हायसं वाटलं.

दुपारी लाकडी झडपा बंद, रात्री खिडक्या सताड उघड्या, हे तिथल्या लोकांचं एसी. जाळ्या नसतील तर डासांचं औषध घ्या. भिंतीवर छोटा काळा विंचू दिसू शकतो, आपल्याकडच्यासारखा धोक्याचा नसतो, पण बूट झटकून घालायची सवय ठेवा. इमर्जन्सीला ११२.

आणि कृपा करून रोज फिरायला निघू नका. आम्ही सात दिवसांत फक्त पिएन्झा, मोन्ताल्चिनो, सिएना आणि बान्यो व्हिन्योनी एवढंच केलं, त्या शेवटच्या गावात मधल्या चौकाऐवजी गरम पाण्याचं कुंड आहे. बाकी तीन दिवस घरीच. बाबा रोज सकाळी सायप्रसच्या झाडांच्या रांगेपर्यंत चालून यायचे, मालकाच्या म्हाताऱ्या वडिलांशी त्यांची दोस्ती झाली, एकाला इटालियन येत नाही, दुसऱ्याला मराठी येत नाही, तरी दोघं ऑलिव्हच्या झाडाखाली तासन् तास पावसापाण्याचं बोलायचे.

निघताना सकाळी दहापर्यंत घर सोडावं लागतं, म्हणून आदल्या रात्रीच भांडी आणि कचरा उरका, ओला, कागद, प्लॅस्टिक, काच सगळं वेगवेगळं, नाहीतर डिपॉझिटमधून पैसे कापतात. मीटरचा फोटो काढा. आम्हाला आधीच्या पाहुण्यांनी ठेवलेलं मीठ, तेल आणि बेझिलची कुंडी मिळाली होती. आम्ही कुंडीला पाणी घातलं, आणि उरलेली हळद बाटलीत भरून, वर इंग्लिशमध्ये नाव आणि 'पांढऱ्या कपड्यांपासून लांब ठेवा' असं लिहून त्याच कपाटात ठेवून आलो.