नाळीची भाजी: या चुका टाळा

नाळीची भाजी म्हणजे पाण्यात-चिखलात पसरणारी, पोकळ देठाची वेलीसारखी पालेभाजी. गटाराकडेला उगवलेली ही भाजी तळ्यातल्या भाजीपेक्षा जास्त हिरवीगार आणि टपोरी दिसते. सांडपाण्यातलं खत तिला आयतं मिळतं ना! मोठी फसगत होते ती इथेच. ही वेल ज्या पाण्यात वाढते त्यातलं शिसं, कॅडमियम असे जड धातू अंगात साठवून घेते. ते पानांच्या आत गेलेले असतात, त्यामुळे कितीही धुवा, मिठाच्या पाण्यात ठेवा किंवा उकळा, ते जात नाहीत. म्हणून बाजारात जुडी हातात घेतली की भाव नंतर, आधी "मावशी, कुठल्या पाण्यातली?" हे विचारायचं. उत्तर गुळमुळीत आलं तर जुडी परत ठेवायची. कारखान्याच्या किंवा वस्तीच्या नाल्यातली तर फुकट मिळाली तरी नको.

दुसरी चूक कच्ची खाण्याची. परदेशी पदार्थांचे व्हिडिओ बघून हल्ली कोवळे शेंडे सॅलडमध्ये घातले जातात. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या एका मोठ्या पर्णकृमीची, म्हणजे पानासारख्या चपट्या जंताची, पिल्लं पाणवनस्पतींना चिकटून बसतात. आधी पाण्यातल्या गोगलगायीत वाढायचं आणि मग पानादेठांवर यायचं, असा त्यांचा प्रवास. उकळत्या पाण्यात ती मरतात. तेव्हा तळ्यातली भाजी नीट शिजवूनच खायची.

धुताना लोक वरून पाणी ओततात आणि झालं म्हणतात. पण या भाजीचा देठ नळीसारखा पोकळ. एकदा जाड देठ नखाने उभा चिरून पाहा. तुटक्या टोकातून कधी कधी आत चिखल शिरलेला असतो. जून देठ टाकून द्या, बाकीचे उभे चिरून बोटबोट तुकडे करा आणि तीन पाण्यांतून काढा.

ओळखण्यात चूक झाली तर मात्र गंभीर. तळ्याकाठी बेशरमही माजलेली असते. तीही याच कुळातली, देठ तिचाही पोकळ, फुलंही भोंग्यासारखीच. पण बेशरम झुडपासारखी उभी वाढते, बुंध्याशी लाकडासारखी होते, पानं मोठी, हृदयाच्या आकाराची असतात आणि फुलं गुलाबी. ती विषारी आहे. खाल्लेल्या शेळ्या लुळ्या पडतात. नाळी पाण्यावर किंवा चिखलावर लोळते, पेरापेराला मुळं सोडते, पानं बाणाच्या टोकासारखी, फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी. शंका असेल तर खुडूच नका.

भाजी काळी आणि लिबलिबीत होते, ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा झाकण आणि मंद आच. कढई चांगली तापू द्या, तेलात भरपूर ठेचलेला लसूण आणि मिरची, मग आधी देठ. दोन-तीन मिनिटांनी पानं, मोठी आच, झाकण नाही. मीठ शेवटी. देठ कुरकुरीत राहिला पाहिजे, मजा त्यातच आहे. आणि आणल्या दिवशीच करा. फ्रिजच्या कडक थंडीत पानं काळवंडतात.

खात्रीची भाजी हवी तर घरीच लावणं उत्तम, आणि ते फार सोपं आहे. जुडीतले वीतभर देठ पाण्याच्या पेल्यात उभे करा, काही दिवसांत पेरांतून पांढरी मुळं फुटतात. मग भोक नसलेल्या टबात माती आणि कुजलेलं शेणखत घालून लावा. इथे चूक होते ती टब काठोकाठ भरण्याची. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. वर पाणी न साचता माती चिखलासारखी ओली राहिली की पुरे. ऊन मात्र भरपूर हवं. खुडताना खाली दोन पेरं ठेवा, तिथूनच नवे फुटवे येतात. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा जास्त पाणी किंवा खत घालून उपयोग नाही.

अमेरिकेतल्या लेकी-सुनांसाठी बियाणं पाठवणाऱ्यांनी थांबावं. तिथे ही वनस्पती केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. परवान्याशिवाय बी किंवा देठ नेता येत नाही.