काट्यापासून शेतातील पंपापर्यंत : अ‍ॅपमध्ये आयपी पत्ता देताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये गेल्या हंगामात कापसाच्या गाड्या दुपारभर काट्यावर खोळंबल्या होत्या. काट्याचा संगणक आणि ऑफिसातील सर्व्हर यांच्यामध्ये जेमतेम एक भिंत होती आणि दोन्ही एकाच राउटरला वायरने जोडलेले होते. तरीही इंटरनेट जाताच काटापावती निघणे बंद झाले, कारण काट्यावरील अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा पब्लिक, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून पोहोचण्याचा आयपी पत्ता (जाळ्यातील यंत्राचा ओळखक्रमांक) घातलेला होता. लाइन तुटली की तो पत्ता बहुधा राउटरवरूनच नाहीसा होतो, आणि काही राउटर तर लाइन सुरू असतानाही आतून आलेली अशी विनंती परत आत वळवीत नाहीत. दिवसभराची मजुरी बुडवून आलेल्या शेतकऱ्याला हे कारण सांगताना मला फार वाईट वाटले.

एकाच आवारातील यंत्रांसाठी लोकल, म्हणजे आवारातील जाळ्यापुरता असलेला पत्ताच द्यावा. १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. मात्र हाच पत्ता नागपूरला राहणाऱ्या मालकाच्या मोबाइलमध्ये घालणे ही उलट दिशेची चूक आहे : १९२.१६८.१.१० त्यांच्या घरच्या वायफायवर एखाद्या प्रिंटरचाही असू शकतो, आणि अ‍ॅप भलत्याच यंत्राचे दार ठोठावत बसते. म्हणून अ‍ॅपमध्ये दोन्ही पत्त्यांची सोय ठेवावी; आधी लोकल आजमावावा, पलीकडे आपलाच सर्व्हर आहे याची खात्री करावी, नाहीतर बाहेरचा वापरावा.

भारनियमनानंतर राउटर नव्याने सुरू झाला की सर्व्हरचा पत्ता बदलू शकतो, त्यामुळे तो राउटरमध्ये राखून ठेवावा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास यंत्राला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे आणि आधी केबल तपासावी.

पिंगला (यंत्र जाळ्यावर पोहोचते का हे पाहणाऱ्या चाचणी संदेशाला) उत्तर येते, पण अ‍ॅप जोडले जात नाही, अशा वेळी सर्व्हर १२७.०.०.१ वरच ऐकत, म्हणजे त्याच पत्त्यावर जोडण्या स्वीकारत आहे का ते पाहावे. तो पत्ता त्या यंत्रापुरताच असतो. त्याऐवजी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्याचा लोकल पत्ता द्यावा. ०.०.०.० दिल्यास सर्व्हर सर्व जोडण्यांवर ऐकतो, पण अ‍ॅपमध्ये जोडणीसाठी तो घालू नये.

शेतातील पंपाला सिमकार्डचा राउटर असेल, तर त्याच्या स्क्रीनवरील बाहेरचा पत्ता वाचावा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातील असल्यास एकच पब्लिक पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली विनंती राउटरकरवी आतील यंत्राकडे वळवण्यावर) घालवलेले तास वाया जातात. तेथे पंपाच्या यंत्रानेच बाहेरील सर्व्हरशी जोडणी सुरू करावी किंवा व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन ठिकाणे जोडणारी खाजगी, सुरक्षित वाट) वापरावे. डेटाबेसचे पोर्ट (नोंदींच्या साठ्याशी जोडणीचे दार) जगासाठी उघडे मात्र कधीही टाकू नये.

काम सोपविण्यापूर्वी राउटरची इंटरनेटची वायर काढून एक काटापावती छापून पाहावी. नंतर वायर लावून, मोबाइलचे वायफाय बंद करून तीच पावती मोबाइल डेटावर उघडावी.