काटापट्टी आणि कॅमेऱ्याची वेळ जुळवायची तर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीवर काटापट्टीवर, म्हणजे वजनाच्या पावतीवर, एक वेळ आणि कॅमेऱ्यात दुसरी दिसली, की वजनाच्या वादात दोन्ही पुरावे लंगडे पडतात. घड्याळ हाताने लावून भागत नाही. कॉम्प्युटरमधला क्वार्ट्झ, म्हणजे घड्याळ चालवणारा स्फटिक, दहा लाखांत 20 भाग जरी चुकला, तरी महिन्याला सुमारे 52 सेकंदांचा फरक पडतो. म्हणून वेळ नेटवरून, एनटीपीने (नेटवरच्या सर्व्हरशी घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) घ्यावी.

आधी टाइम झोन बघा. विंडोजमध्ये तो ‘यूटीसी +05:30 चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ असाच हवा. वेळ देणारा सर्व्हर फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, पाठवतो, साडेपाच तास मिळवण्याचं काम आपल्या मशीनचं. झोन चुकलेला असताना घड्याळ हाताने फिरवलं, तर पुढच्या सिंकला (सर्व्हरशी जुळवणीला) वेळ पुन्हा बिघडते.

मग तारीख आणि वर्ष. ही पायरी गाळू नका. घरगुती किंवा दुकानातल्या विंडोजवर फरक 15 तासांपेक्षा जास्त असेल तर ते आपणहून दुरुस्तीच करत नाही, सिंक फसलं एवढंच सांगतं. त्यामुळे तारीख हाताने बरोबर करा आणि वेळ दोन-चार मिनिटांच्या आत आणा.

आता कंट्रोल पॅनेल, डेट अँड टाइम, इंटरनेट टाइम, चेंज सेटिंग्ज. सर्व्हरच्या जागी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग’ टाका आणि अपडेट नाऊ दाबा. भारतीय प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा राखते. पत्ता अर्थातच इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. एरर आली तर सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज टाइम’ चालू आहे का पाहा. ती चालू असूनही जमत नसेल, तर राउटर किंवा फायरवॉलने यूडीपी 123 पोर्ट, म्हणजे एनटीपीची ये-जा होते ती वाट, अडवला असण्याची शक्यता मोठी.

डीव्हीआरच्या (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राच्या) एनटीपी सेटिंगमध्येही हाच सर्व्हर आणि हाच झोन द्या. नाहीतर सगळी मेहनत अर्धवट राहते.

मोबाइल हॉटस्पॉटवर थोडी चूक राहतेच. सर्व्हरकडे निरोप जायला आणि उत्तर यायला सारखाच वेळ लागतो असं एनटीपी धरून चालतं. जायला 40 आणि यायला 200 मिलिसेकंद लागले, तर घड्याळ 80 मिलिसेकंदांनी चुकतं. काटापट्टीला तेवढ्याने काही बिघडत नाही.

वीज गेल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवरचा) सीआर2032 हा बटणासारखा सेल संपलाय. मशीन बंद करून, वायर काढून सेल बदला, मग पुन्हा तारखेपासून सुरुवात करा. जुन्या तारखेवर बँकेची आणि जीएसटीची साइटही ‘सर्टिफिकेट अवैध’ म्हणून उघडत नाही.