ओव्हरलँडिंगच्या गाडीची आणि सामानाची चोरी : या चुका टाळा

महिनोन्‌महिने गाडीतच संसार थाटून फिरणारे, म्हणजे ओव्हरलँडिंग करणारे लोक भेटले आणि चोरीचा विषय निघाला, की गप्पा लगेच कुलपांवर येतात. कुठलं जाड, कुठलं कापलं जात नाही. मीही तेच करायचो. खरी गडबड मात्र त्याच्या आधीच झालेली असते. आपण 'चोर' म्हणून एकच माणूस डोळ्यांपुढे धरतो, आणि असतात ते दोन. एक काच फोडून बॅग ओढणारा. त्याला तुमची गाडी नकोच असते, त्याचं काम मिनिटभरात उरकतं. दुसरा अख्खी गाडी नेणारा. तो तयारीने येतो आणि बहुतेकदा काचेला हातही लावत नाही. ट्रॅकर बसवून निर्धास्त झालेल्याचा कॅमेरा जातो, आणि पडदे लावून सामान झाकणाऱ्याची गाडी.

सामान झाकता, पण चोरासमोर

पायवाटेच्या तोंडाशी गाडी लावायची, डिकी उघडायची, लॅपटॉप सीटखाली सरकवायचा, ड्रोनवर जॅकेट टाकायचं आणि तीन तास भटकायला निघून जायचं. कोपऱ्यात बसून बघणाऱ्याला तुम्ही ऐवजही दाखवलात आणि जागाही. आवराआवर आधीच्या थांब्यावर करा. मुक्कामाला पोचल्यावर फक्त उतरायचं, लॉक करायचं आणि चालू लागायचं. सीटवर पसरलेलं जॅकेटसुद्धा नको, कारण खाली काय आहे हे बघायला काच फोडणं सोपं असतं. लोंबकळणारी चार्जिंगची वायर काढून ठेवा. मागच्या काचेवर महागड्या कंपन्यांचे स्टिकर चिकटवणाऱ्यांबद्दल काय बोलावं? आत काय काय आहे, याची यादीच लावलेली असते.

लॉकचं बटण दाबून पाठ फिरवणं ही दुसरी सवय. पार्किंगमध्ये कोणी जॅमर घेऊन उभा असेल, तर रिमोटचा सिग्नल गाडीपर्यंत पोचतच नाही. दार उघडंच राहतं, आणि चोरी झाल्यावर तोडफोडीची एकही खूण सापडत नाही. हँडल ओढून बघायला दोन सेकंद लागतात.

आणि सेंट्रल लॉकिंगवर फार विसंबू नका. कित्येक गाड्यांत एक छोटी काच फुटली, हात आत गेला, की सगळी दारं उघडतात. म्हणून आत दुसरं कुलूप हवं : बॉडीला बोल्टने जखडलेली लोखंडी पेटी किंवा कुलपाचे ड्रॉवर, आणि बोल्टची डोकी पेटीच्या आतल्या बाजूला. प्लायच्या फळीला स्क्रूने बसवलेली तिजोरी फळीसकट निघते.

गाडीजवळ तुम्ही असतानाही सामान जातं. कोणीतरी खुणावतं, "टायर बसलाय!" तुम्ही दोघंही उतरून मागे वाकता आणि पलीकडच्या दारातून बॅग जाते. एकाने उतरायचं, दुसऱ्याने आत बसून राहायचं, दारं लॉक.

कुलूप शाबूत, सामान गायब

माझ्या ट्रॅक्शन बोर्डांना (वाळूत-चिखलात रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) चांगलं दणकट कुलूप होतं. एका सकाळी उठलो तर कुलूप जागच्या जागी, बोर्ड नाहीत. ज्या पट्टीला कुलूप होतं ती पट्टीच चार एलन बोल्टनी कॅरिअरला बसवलेली होती. चोराने कुलपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चार बोल्ट सोडले आणि पट्टी, कुलूप, वॉशर सगळं नीट बोनेटवर मांडून गेला. मला राग आला तो त्या टापटिपीचा.

तेव्हापासून मी एक परीक्षा घेतो. हातात एलन कीचा संच आणि १०, १३चे पाने, आणि स्वतःच्याच गाडीभोवती एक फेरी. जेरीकॅनचा स्टँड, ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर), टपावरच्या तंबूचे क्लॅम्प, मागे लावलेली स्टेपनी, उंच जॅक : काय काय साध्या पान्याने सुटतं? जे सुटतं त्याच्या प्रत्येक ब्रॅकेटमागे एक तरी बोल्ट मधे पिन असलेल्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराची खाच) डोक्याचा बसवा. वर्षानुवर्षं काढायची गरज नसलेल्या बोल्टच्या खाचेत छर्रा ठोकून वर इपॉक्सी भरला तरी चालतो. मात्र स्टेपनीवर हा प्रयोग नको, पंक्चरच्या दिवशी स्वतःलाच शिव्या द्याल.

कुलूपच उघडत नसेल, तर बहुधा तुम्ही त्यात तेल घातलेलं असतं. कच्च्या रस्त्याची धूळ तेलात कालवली की आत लगदा तयार होतो. क्लीनरने धुऊन, वाळवून ग्रॅफाइटची पूड घाला. आणि सगळी कुलपं एकाच किल्लीची घ्या. नऊ किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात कुलूप लावायचंच सोडतो.

अख्खी गाडी नेणारा

चावी न लावता चालू होणाऱ्या गाडीत तंबूतल्या किल्लीचा सिग्नल यंत्राने गाडीपर्यंत लांबवता येतो. गाडीला वाटतं, मालक दाराशीच उभा आहे. यावर फॅराडे पाऊच, म्हणजे सिग्नल अडवणारी छोटी पिशवी चालते, पण घड्यांवर त्यातलं धातूचं कापड झिजतं. महिन्यातून एकदा किल्ली पाऊचमध्ये घालून गाडीशेजारी उभं राहा. दार उघडलं, तर पाऊच टाकून द्या. दुसरी किल्लीही पाऊचमध्येच हवी, ती हमखास राहून जाते.

मात्र पाऊच पुरेसा नाही. काही गाड्यांत हेडलाइटमागची वायर उघडी करून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये 'किल्ली बरोबर आहे' असा खोटा निरोप घुसवतात. तिथे किल्लीच्या सिग्नलचा संबंधच येत नाही. अशा वेळी कामाला येतो तो त्या नेटवर्कबाहेरचा, साधा, लपवलेला किल स्विच, म्हणजे गाडी चालू होऊ न देणारं बटण. स्टार्टरची लाइन तोडणारा स्विच सुरक्षित, पण मॅन्युअल गिअरची जुनी गाडी ढकलून चालू होऊ शकते. इंधन पंपाची लाइन तोडणारा जास्त पक्का. मात्र तो खडबडीत रस्त्यावर हादऱ्याने सुटला, तर इंजिन चालत्या गाडीत बंद पडतं, आणि स्टिअरिंग-ब्रेकची मदतही जाते. म्हणून जोडणी चांगल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि सोबत्याला जागा दाखवून ठेवा. स्विच लावलाय हे विसरून एका मित्राने अर्धा दिवस स्टार्टर खोलला होता.

गाडी उंच असण्याचा तोटाही आहे : जॅक न लावता खाली सरपटत जाता येतं, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमपायी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा भाग) कापून नेला जातो. खाली लोखंडी जाळी किंवा प्लेट लावा.

ट्रॅकर गप्प का झाला?

तीन कारणं वारंवार दिसतात. ट्रॅकर फक्त मुख्य बॅटरीवर आहे, आणि चोराने पहिली तिचीच वायर काढली. तो पत्र्याखाली बसवलाय, त्यामुळे उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही. किंवा त्यातलं सिम या देशात चालतच नाही, आणि हे सीमा ओलांडल्यावर कुणी तपासलेलं नाही. स्वतःची बॅटरी असलेला घ्या, प्लास्टिकच्या भागामागे लपवा, नव्या देशात शिरलात की पहिल्याच मुक्कामी लोकेशन उघडून बघा.

ॲपलचा एअरटॅग हा छोटा ट्रॅकर २०२१ साली आला आणि सगळ्यांनी सीटखाली टाकला. तो जवळपासच्या इतर ॲपल उपकरणांच्या जिवावर चालतो, निर्मनुष्य वाळवंटात मुका. शिवाय पाठलाग टाळण्यासाठीची सोय चोराच्या फोनवरही सूचना देते. जोडीला ठीक, एकटा नाही.

सायरन रात्री उगाच वाजत असेल, तर तुम्ही वरच्या तंबूत कूस बदलताय आणि कलण्याचा सेन्सर चालू आहे. झोपताना तेवढाच सेन्सर बंद करता येणारा अलार्म निवडा, नाहीतर चिडून सगळाच बंद कराल.

झोपलेल्यांना गॅस सोडून बेशुद्ध करतात ही गोष्ट प्रत्येक कॅम्पवर ऐकू येते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्सने ती अशक्यप्राय ठरवली आहे. गॅस डिटेक्टर घ्याच, पण स्वयंपाकाच्या गॅसच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने.

गेलीच, तर

१७ अक्षरांचा चेसिस नंबर, कॅमेरा-ड्रोन-फ्रिजचे सीरियल नंबर आणि बिलांचे फोटो फोनमध्ये नव्हे, फोनबाहेर ऑनलाइन ठेवा, कारण फोनही जातो. गाडीच्या विम्यात आतलं सामान बहुधा नसतं, आणि नंतर बसवलेलं विंच, कॅरिअर कळवलेलं नसेल तर तेही सुटतं. पॉलिसीत 'गाडीत बेवारस ठेवलेलं सामान' हे कलम आधी शोधा.

कार्ने (गाडी शुल्क न भरता तात्पुरती परदेशात नेण्याचा कस्टमचा कागद) घेऊन परदेशात असाल, तर पोलिसांचा लेखी अहवाल घेतल्याशिवाय देश सोडू नका. गाडी बाहेर गेल्याचा शिक्का नसला की कस्टमच्या लेखी ती तिथेच विकलेली असू शकते, आणि आयात शुल्काची मागणी तुमच्यावर येते. अहवालाची प्रत कस्टमला द्या, एक कार्ने देणाऱ्या संस्थेला त्याच दिवशी पाठवा, आणि दोन्हीकडून पोच मागून घ्या.