नदी गढूळ असताना: फ्लाय फिशिंगची घरगुती तयारी

सांगलीत आयर्विन पुलाखालच्या पाण्याची पातळी लोक रोज फुटांत सांगू लागले, की गळ गुंडाळून ठेवावा. ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी येथे अनेकांना पाठ असते. परंतु फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर कीटकासारखी बांधलेली कृत्रिम माशी टाकून मासेमारी, करणाऱ्यासाठी कृष्णा त्याच्या कितीतरी आधीच बंद झालेली असते, कारण कृत्रिम माशीला वास नसतो, ती माशाला दिसली तरच उपयोगाची, आणि चहाच्या रंगाच्या पाण्यात ती दिसत नाही. शिवाय हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ असल्यामुळे चढणीच्या माशांना वाट मोकळी द्यावी. जूनपासून दसऱ्यापर्यंतचे हे दिवस मी गळावर पिसे आणि तार गुंडाळून अशा माश्या बांधण्यात घालवतो. (‘माश्या पुष्कळ झाल्या आहेत’ असे मी एकदा समाधानाने म्हणालो आणि घरच्यांनी फिनेलची बाटली बाहेर काढली.)

आरंभ निरीक्षणापासून करावा, आणि त्यासाठी पुराच्या पाण्याजवळ जाण्याची मुळीच गरज नाही. पाऊस उघडलेल्या संध्याकाळी अंगणातील दिव्याखाली एका पांढऱ्या पसरट भांड्यात बोटभर पाणी घालून ठेवावे. तासाभराने त्यात पंखांच्या वाळव्या, चिलटे, तुडतुडे पडलेले आढळतात. घर नदीपासून जवळ असेल तर शिडासारखे उभे पंख आणि शेपटीला लांब केस असलेली मेफ्लायही सापडते. प्रत्येक कीटकाची लांबी फूटपट्टीने मोजून वहीत लिहावी. बहुतेक नोंदी एक सेंटिमीटरच्या आतल्या निघतात, आणि विकतच्या मोठ्या, भडक माश्या आपण उगाच घेतल्या होत्या हे तेव्हा कळते. प्रौढ मेफ्लाय फार तर एक-दोन दिवस जगते, परंतु तिची अळी पाण्याखाली दगडांना धरून दीर्घकाळ राहते. म्हणून माशाच्या ओळखीची असते ती अळीच, आणि पहिल्यांदा बांधायचीही तीच.

इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी या अळीची जी प्रतिकृती केली, तिला दोनच वस्तू लागतात: फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. आपल्याकडे फेझंटऐवजी गावठी कोंबडीचे तपकिरी पीस चालते. रानकोंबडा, खंड्या किंवा इतर वन्य पक्ष्यांची पिसे वापरू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी गाठ आहे. पीस साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे आणि कापराच्या वडीसह डब्यात ठेवावे, अन्यथा कसर लागते. तारेसाठी मी प्रथम मोटार वाइंडिंगच्या दुकानातून विहिरीवरच्या पंपाची तार आणली. ती इतकी जाड होती, की बांधलेली अळी टाचणीच्या गुंडाळीसारखी दिसू लागली. हवी ती तार निकामी ॲडाप्टरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मिळते: केसापेक्षा जेमतेम जाड, वर तांबूस वार्निश.

गळ धरण्यासाठी महागडा शिकंजा लागत नाही. नोज प्लायरच्या दांड्यांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की जबडा मिटलेला राहतो. मग तो प्लायर सुताराच्या क्लॅम्पने टेबलाच्या कडेला आवळावा. १४ नंबरच्या गळाचा उलटा काटा आधीच चेपून टाकावा, म्हणजे मासा फारशी इजा न होता सोडता येतो आणि आपल्या बोटात गळ रुतला तरी सहज निघतो. त्यानंतर तार गळाच्या नेढ्यापासून वाकापर्यंत गुंडाळत न्यावी आणि पुढच्या तिसऱ्या भागात दोन-तीन थर जास्त देऊन अळीच्या छातीचा उंचवटा तयार करावा. पिसाचे चार तंतू वाकापाशी असे बांधावेत, की त्यांची टोके शेपटीसारखी मागे राहतील. येथे नवशिक्या हमखास चुकतो: तो तंतू नुसतेच गुंडाळतो आणि दोन-चार फेकांतच ते तुटतात. तंतू आणि तार एकत्र पीळ देऊन नेढ्यापर्यंत गुंडाळावेत. मग तंतू सुटे करून छातीवरून मागे-पुढे दोनदा दुमडावेत, प्रत्येक वेळी तारेचे दोन वेढे द्यावेत आणि शेवटी तारेच्या गाठी मारून ती तोडावी. दोऱ्याचे काम पडत नाही. तयार अळी पाण्याच्या पेल्यात सोडून पाहावी; ती सरळ तळाशी गेली पाहिजे.

फेकीचा सराव मैदानावर करावा. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून पंचवीस-तीस फुटांवरील ताटलीत तो अलगद उतरवण्याचा प्रयत्न रोज दहा मिनिटे पुरे. रीळ नसेल तर जपानमधील तेन्कारा पद्धतीप्रमाणे दहा-अकरा फुटी बांबूच्या टोकाला साधारण तेवढ्याच लांबीची दोरी बांधूनही ही माशी टाकता येते; मात्र त्यासाठीचा बांबू थंडीत तोडलेला असावा, कारण पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो.

पाणी निवळले की नाही, हे घाटावर उभे राहून ओळखावे. पाण्याखालची तिसरी पायरी स्पष्ट दिसू लागली की मी डबा उचलतो. मात्र कृष्णेत मगरी आहेत. परदेशी चित्रांतल्यासारखे कंबरभर पाण्यात उतरून गळ टाकणे येथे वेडेपणाचे ठरेल, तेव्हा काठापासून दोन पावले मागेच उभे राहावे. तलाव किंवा धरणाचे पाणी असेल तर तेथील मच्छीमार सोसायटीची परवानगी आधी घ्यावी, आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ पिशवीतूनही नेऊ नये.