कुंडीतल्या टोमॅटोसाठी घरची माती

कोल्हापूरच्या काळ्या मातीत ऊस जोमानं येतो, पण तीच माती नुसती कुंडीत भरली तर ओली असताना चिकट होते, वाळली की तडकते आणि टोमॅटोच्या मुळांना हवाच मिळत नाही. म्हणून माती एकच भाग घ्या. एक भाग भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. वर मूठभर निंबोळी पेंड.

गुऱ्हाळावरची चिपाडं किंवा शेतातलं पाचट सहज मिळतं, पण ते कच्चं मिसळू नका. कुजताना ते मातीतला नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं. आधी शेणकाल्यात कुजवा. काळं, भुसभुशीत होऊन मातीसारखा वास आला की मगच वापरा. वाळलेलं पाचट वरून आच्छादनाला मात्र फार छान, ओल टिकते.

कुंडी 15 ते 20 लिटरची हवी. तळाला भोकं पाडलेला तेलाचा 15 किलोचा डबाही चालतो. रोपाची खालची पानं काढून खोड थोडं खोल गाडा, त्यालाही मुळं फुटतात.

आपल्याकडच्या पावसात करपा (पानांवर डाग पाडून ती वाळवणारा रोग) लवकर येतो. लागवड सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात केलेली बरी. फळाची खालची बाजू काळी पडली तर लगेच औषध फवारू नका, बहुतेकदा पाणी कमीजास्त झाल्यानं फळाला कॅल्शियम पोचलेलं नसतं. मातीत बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या.